धागा: ‘काहीही काढा’ म्हटलं की दोन डोंगर आणि मधे सूर्य

पळसफूल (७ जुलै, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज अडचण घेऊन आलेय.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत आहे. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. माझा पट १९. शनिवारी सकाळच्या शाळेत कोरे कागद वाटले आणि म्हटलं, आज तुम्हाला हवं ते काढा, काहीही. मला वाटलं होतं पोरं तुटून पडतील.

१९ पैकी १७ कागदांवर एकच चित्र. दोन टोकदार डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठाला कौलारू घर, बाजूला नारळाचं झाड, वर मराठी चारासारखे उडते पक्षी. आमच्या गावातून एकही डोंगर दिसत नाही हो. नारळ फक्त देवळात फुटतो. एका मुलीने झेंडा काढला. आणि मागच्या रांगेतल्या एकाने कागद कोराच दिला. का रे बाबा? तर म्हणे, “मले नाही येत चित्र.” तिसरीत आहे. आठ वर्षांचा.

शिवाय दर दोन मिनिटांनी “मॅडम, खोडरबर”. रेघ मारायच्या आधीच रबर हातात.

चित्रकलेचे शिक्षक आम्हाला नसतात हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. शिक्षण हक्क कायद्यात अंशकालीन कला निदेशक आहे, पण सहावी ते आठवीला, आणि तोही शंभराच्या वर पट असला तर. पहिली ते चौथीला गणित शिकवणारीच गाणं, चित्र, कवायत सगळं घेते. माझी स्वतःची चित्रकला ‘आंबा बरा येतो’ इथवर. रंगपेट्या सहा मुलांकडे आहेत, त्यातही पिवळा आणि निळा संपलेला. काय करता येईल? खर्च माझ्या पर्सला झेपेल असा सांगा.

शाईचा डाग (७ जुलै, रात्री १०:१५)

बाई, मी सांगलीकडचा निवृत्त ड्रॉइंग मास्तर. ३१ वर्षं हायस्कुलात काढली.

चूक पोरांची नाही, प्रश्नाची आहे. ‘काहीही काढा’ इतका अवघड प्रश्न दुसरा नाही. मला आत्ता कुणी म्हटलं, काहीही लिही, तर मीसुद्धा ‘श्री’ लिहून थांबेन. पोरांना जे बिनधोक येतं ते ती काढतात. दोन डोंगर म्हणजे त्यांचं पाठ केलेलं उत्तर, बेरजेच्या पाढ्यासारखं.

प्रश्न आखूड करा. उद्या वर्गात सगळ्यांना म्हणा, आपापली एक चप्पल समोर ठेवा आणि ती काढा. चप्पल म्हटल्यावर मनात जी येते ती नाही, समोर आहे ती. टाच कुठल्या बाजूने झिजलीय? अंगठा तुटलाय का? कुणी सेफ्टी पिन लावलीय? तारेने शिवलीय? मी हे पाचवीला एकदा करून घेतलं होतं. ४२ चपला आल्या आणि एकीसारखी दुसरी नव्हती. एका पोराने आपल्या चपलेवर मोठ्या भावाच्या नावाचं डागलेलं अक्षरसुद्धा काढलं, कारण ती त्याचीच उतरलेली होती.

तसंच ‘घर काढा’ म्हणू नका. ‘तुमच्या घराचं दार काढा’ म्हणा. कडी कुठे आहे, उंबऱ्यावर काय आहे, दारामागे काय टांगलंय. एक रात्र मधे जाऊ द्या, म्हणजे घरी जाऊन पोरं दार बघून येतात. निम्मं चित्र त्या बघण्यातच होतं.

आणि रबर गोळा करून कपाटात ठेवा. पेन्सिलही नको. सरळ खडू किंवा बॉलपेन द्या.

एक कबुली देऊन टाकतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या ड्रॉइंगच्या सरकारी परीक्षांना शेकड्यांनी पोरं बसवली मी. त्यातल्या स्मरणचित्राच्या पेपराला काय करायचो, तर छत्रीवाला माणूस, टोपलीवाली बाई आणि सायकलवाला, तीन आकृत्या घोटून घ्यायचो. विषय बाजार येवो की जत्रा, तेच तिघे जागा बदलून उभे. स्मरण कसलं, पाठांतर. ग्रेड मात्र उत्तम यायच्या. तेव्हा तुमच्या १७ डोंगरांना हसायचा मला हक्क नाही.

गुळपोळी (७ जुलै, रात्री ११:०२)

बाई, तुमच्या शाळेत निदान पोरं तरी काढतात.

पुण्यातली पालक बोलतेय. आमच्याकडे ‘प्रोजेक्ट’ येतो. व्हॉट्सॲपवर संध्याकाळी सात वाजता. ‘उद्या निवाऱ्याचे प्रकार, थ्रीडी मॉडेल.’ मग मी नऊ वाजता स्टेशनरीच्या दुकानात, तिथे आणखी पाच आया. दुकानदार न विचारताच म्हणतो, “इग्लू ना? कापूस संपला, थर्माकोलचे गोळे आहेत.” थर्माकोलच्या सजावटीला राज्यात २०१८ मध्ये बंदी आली म्हणतात, पण इग्लूला ती लागू नसावी.

बारा वाजेपर्यंत नवरा फेव्हिकॉल फुंकत बसला होता. लेक साडेनऊलाच झोपली. बक्षीससमारंभात माझ्या नवऱ्याला दुसरीत पहिला नंबर मिळाला. सर्टिफिकेट लेकीच्या नावावर आहे, पण तिला मनातून पक्कं माहीत आहे कुणाचं ते. तिने स्वतः चिंध्यांचा एक तंबू केला होता, एका बाजूला कललेला. तो नेऊ नको असं मीच तिला म्हटलं. अजून खुपतंय.

तिरपागडं (७ जुलै, रात्री ११:२०)

आमच्या कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला तयार ‘वारली बॉर्डर’ विकतो. ए-फोर कागदाच्या चारी बाजूंना नाचणारी माणसं, मधे जागा मोकळी. ‘पाणी वाचवा’ लिहा नाहीतर ‘आमचे पूर्वज’, नाच चालूच.

ताडगोळा (८ जुलै, सकाळी ७:३०)

@तिरपागडं, हसलो, पण लागलंही. मी डहाणूकडचा.

वारली म्हटलं की शाळांमधून तारपा वाद्यावरच्या नाचाचं वेटोळं आणि त्रिकोणाची माणसं एवढंच छापून निघतं. मुळात हे चित्र लग्नाचं. घराच्या आतल्या भिंतीवर चौक, म्हणजे चौकोनी चित्र, असतो, त्यात पालघट देवी. तो सवाशिणी काढतात. काढतात असंही म्हणत नाहीत आमच्याकडे, चौक ‘लिहितात’ म्हणतात. सारवलेल्या भिंतीला गेरू, त्यावर तांदळाच्या पिठाचं पाणी आणि टोक चेचलेली बांबूची काडी. रंग एवढाच. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी सत्तरच्या दशकात ते भिंतीवरून कागदावर आणलं, लग्नाबाहेरचे विषय घेतले. २०११ ला पद्मश्री, २०१८ मध्ये गेले.

वर्गात घ्यायचं असेल तर नमुना देऊ नका, युक्ती द्या. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे धड. वरचा त्रिकोण जिकडे कलेल तिकडे माणूस वाकतो. बस्स. मग पोरांना म्हणा, हापसा मारणारी बाई दाखव. एसटीत चढणारा म्हातारा दाखव. पोतं उचलणारा दाखव. एकाने उभं राहून तशी पोज घ्यायची, बाकीच्यांनी बघायचं. खडूने फरशीवर केलं तरी चालतं. पाऊण तासात पोरं माणसं ‘हलवायला’ लागतात, आणि ते त्या झेरॉक्सच्या बॉर्डरीत कधीच येत नाही.

पण बाई, एक विचारू? यवतमाळच्या पोरांनी वारलीच का काढावी? तुमच्याकडे गोंड, कोलाम वस्त्या आहेत. सणाला घर सारवल्यावर भिंतीवर, दारावर आज्या काय काढतात ते पोरांनाच विचारा.

पळसफूल (१० जुलै, रात्री ८:५०)

सगळ्यांचे आभार. मास्तर, चपला काढल्या!

आधी हसाहस, मग लाज. फाटकी आहे म्हणून दोघं-तिघं पुढे ठेवेनात. मग मी माझीच ठेवली, तिचा अंगठा गेल्या महिन्यापासून दाभणाने शिवलेला आहे. मग आल्या सगळ्यांच्या. एका मुलीने तळव्याची सगळी नक्षी काढली, अगदी मधे अडकलेल्या गोट्यासकट. कोरा कागदवाला? त्याने अर्धी चप्पल काढली आणि बसला. विचारलं तर म्हणाला, “दुसरी बाजू दिसूनच नाही राह्यली.” खरंच, तो ज्या कोनातून बघत होता तिथून नव्हतीच दिसत. मी गप्प बसले.

ताडगोळा, तुमचं ‘का काढावी’ डोक्यात फिरतंय. उद्या विचारते.

आता रंगांचं सांगा कुणीतरी.

हळदीचं बोट (१० जुलै, रात्री ९:३०)

रंगांसाठी मी! नाशिकजवळच्या शाळेत आहे, गेली सहा वर्षं पेटीचे रंग जवळजवळ आणलेच नाहीत.

हळद पाण्यात कालवा, कागदावर फासा, वाळू द्या. मग धुण्याच्या सोड्याचं पाणी काडीने त्यावर ओढा. पिवळ्यावर लालभडक रेघ उठते. पोरं किंचाळतात, लिहून ठेवा. कुंकू पूर्वी असंच हळदीपासून करत, आजीकडून ऐकलं असेल. चुन्यानेही होतं, पण चुना लहान हातांत देऊ नका, डोळ्यात गेला तर महागात पडेल.

जास्वंदीची लाल पाकळी कागदावर चोळली की जांभळट निळं उमटतं, त्यावर लिंबू टेकवा, गुलाबी. गोकर्णाचं निळं पाणीही लिंबाने जांभळं होतं. मग ‘असं का होतं’ हे पोरंच विचारतात आणि परिसर अभ्यासाचा तास आपोआप उरकतो. बिटाचा रंग दिसतो फार देखणा, पण उन्हात टिकत नाही. पंधरा दिवसांत उडाला म्हणून माझ्याकडे एक मुलगी रडली होती, तेव्हा आधीच सांगून ठेवा.

तुमच्या नावाचाच रंग सर्वांत सोपा होता. पळसाची फुलं उकळली की झालं. पण शिमग्यापर्यंत थांबावं लागेल!

तुमच्याकडे साग आहे ना? कोवळं पान तळहातावर चोळून बघा. काही सांगत नाही.

चिकटवायला डिंकाच्या बाटल्या घेऊ नका. एक वाटी मैदा, चार वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईस्तोवर ढवळा. खळ तयार. चिमूटभर तुरटीची पूड टाका, नाहीतर दोन दिवसांत आंबते. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंशी गोडीत राहा, त्यांच्याच चुलीवर काम होतं.

मोजपट्टी (११ जुलै, दुपारी १:१५)

वाचतोय सगळं. थोडं विरोधी बोलू का?

माझ्या माहितीतल्या किती शाळांत चौथीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी येत नाही. तिथे आपण चपला काढत बसायच्या? आणि काढायच्याच तर नीट तरी शिकवा. डोकं केवढं, हात कुठून फुटतात, लांबचं लहान कसं दिसतं, हे सांगितलं नाही तर मूल त्याच चुका करत राहणार. ‘मुलांना मोकळं सोडा’ हे ऐकायला छान वाटतं.

शाईचा डाग (११ जुलै, दुपारी ३:४०)

मोजपट्टी, नाव साजेसं घेतलंय.

वजाबाकीचं नंतर बोलू. चुकांचं आधी. सहा-सात-आठ वर्षांचं मूल कागदाच्या तळाशी एक रेघ मारतं आणि सगळं त्या रेघेवर उभं करतं, घर, झाड, गाय, आई. पोटातलं बाळ बाहेरून दिसतं, घराची भिंत असूनही आतला पाळणा दिसतो. व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाच्या कलाशिक्षकाने १९४७ मध्ये या पायऱ्या सविस्तर मांडल्या, बी.एड.ला आम्हाला होत्या. ही चूक नव्हे. त्या वयात मूल डोळ्याला दिसतं ते काढत नाही, ठाऊक आहे ते काढतं. एका पोरीने चिंचा पाडणारा आजा काढला होता. त्याचा एक हात अंगापेक्षा लांब आणि दुसरा हात नाहीच. कारण त्या दिवशी कामाचा हात तेवढा एकच होता! तिथे मी लाल पेनाने प्रमाण दुरुस्त केलं असतं तर चित्रातला आजा मेला असता.

मोजपट्टी (११ जुलै, सायंकाळी ६:०५)

आजाचं पटलं. पण माझा मुलगा सहावीत आहे. आता तो चित्रच काढत नाही. “मला खऱ्यासारखं येत नाही” म्हणून कागद चुरगळतो. लहानपणी सगळे ‘वा वा’ म्हणाले, कुणी काहीच शिकवलं नाही. त्याचं काय?

शाईचा डाग (११ जुलै, सायंकाळी ७:३०)

इथे तुमचं बरोबर आहे, आणि माझ्यासारखे लोक हे बोलायचं टाळतात. नऊ-दहाच्या आसपास मुलाला स्वतःलाच खऱ्यासारखं हवं होतं. तेव्हा नुसतं ‘वा वा’ म्हणणं म्हणजे भुकेल्याला टाळ्या वाजवून दाखवणं. मागितलं की शिकवायचं: दूरचं लहान, वस्तूची सावली, पुढच्याने मागचं झाकणं. मागायच्या आधी नाही, मागितल्यावर मात्र टाळायचं नाही. पळसफूल बाईंच्या वर्गात तिसरी आणि चौथी एकत्र आहे, म्हणजे दोन्ही प्रकारची पोरं एका सतरंजीवर. अवघड काम आहे त्यांचं.

तुमच्या मुलाला चपलेपासून सुरुवात करून द्या. खरंच सांगतो.

गुळपोळी (११ जुलै, रात्री १०:००)

वजाबाकीचं राहिलंच!

हळदीचं बोट (११ जुलै, रात्री १०:२५)

ते मी सांगते. भेंडी आडवी कापून ठसे घ्या. फुल्यांचे दहाचे गठ्ठे, सुटे वेगळे. गठ्ठा ‘मोडायचा’ म्हणजे दहा सुटे ठसे मारायचे. हातचा मला तरी याहून सोपा शिकवता आलेला नाही. पण खरं सांगू? प्रत्येक चित्राला गणिताचा दाखला जोडावा लागतो याचाच कंटाळा येतो. वर्णनात्मक नोंदीत ‘कलेतून गणित’ लिहिलं की केंद्रप्रमुख (शाळा तपासायला येणारे साहेब) खूश, ‘भेंडीचे ठसे घेतले’ लिहिलं की विचारतात, मग पुढे काय?

पळसफूल (२ ऑगस्ट, रात्री ९:१०)

खूप दिवसांनी. तपासण्या, प्रशिक्षण, जंतनाशक गोळ्या, सगळं आडवं आलं.

आज्यांचं विचारून आले पोरं. यादी मोठी निघाली आणि त्यातलं निम्मं मला ठाऊक नव्हतं. तीन आज्या शाळेत येऊन गेल्या. एकीने विचारलं, “बाई, पगार याच्यासाठीच भेटते का?” आणि मग फळा खाली घ्यायला लावून दोन तास बसली.

आता पोळा येतोय. इकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोरं लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात. सगळ्यांकडे लाकडी नंदी नसतो, महाग पडतो. म्हणून यंदा मातीचे बैल वर्गातच करायचं ठरवलं. शेतातली काळी माती आणली, केले, दुसऱ्या दिवशी बघते तर सगळ्या बैलांना भेगा. पाय तर गळूनच पडले. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्या आत घालून पुन्हा केले, ते पहिल्यापेक्षा वाईट फुटले. चुकतंय कुठे?

रवळनाथाचा पुतण्या (३ ऑगस्ट, सकाळी ६:५०)

इथे मी बोलणार. सिंधुदुर्गातला, मामाची गणपतीची शाळा होती. आमच्याकडे मूर्ती करतात त्या जागेला ‘शाळा’च म्हणतात, आणि मी खऱ्या शाळेपेक्षा त्या शाळेत जास्त शिकलो.

काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना तेवढीच आटते, म्हणून भेगा. काडी घातलीत तिथे आणखी बिघडलं. माती आटते, काडी आटत नाही, मग माती फुटते. काडी काढा.

मातीत कापूस घाला. कापसाच्या जिल्ह्यात आहात, तुम्हाला काय तोटा! पिंजून, बारीक तोडून, मळताना थोडा थोडा. तो धाग्यासारखा धरून ठेवतो. कापूस नसेल तर भिजवून कुटलेला वर्तमानपत्राचा लगदा. गावात कुंभार असेल तर त्याच्याकडची तयार माती सर्वांत बरी. कणकेसारखी मळा, हवेचा फुगा राहू देऊ नका, आणि रात्रभर ओल्या फडक्यात ठेवा.

पाय वेगळे करून चिकटवू नका. एकाच गोळ्यातून ओढून काढा, चिमटीने, आखूड आणि जाड. बैल हत्तीसारखा दिसला तरी चालेल, उभा राहील. शिंगं लावायचीच तर दोन्हीकडे काडीने खरवडा आणि मधे पातळ चिखल लावून दाबा. वाळवायला ऊन नको. सावलीत, आणि पहिल्या दिवशी वरून कागद झाका.

पळसफूल (२४ ऑगस्ट, रात्री ८:३०)

कापूस लागू पडला! १९ पैकी १६ बैल शाबूत. वातीचा कापूस घराघरातून आला, एकीने चक्क फाटक्या गादीतला आणला.

कोरा कागदवाल्याचं सांगते. त्याच्या बैलाचे पाय ओढून काढले होते, पण पातळ. दुपारपर्यंत एकेक करत चारही दबले आणि बैल पोटावर बसला. मला वाटलं आता हा पुन्हा ‘मले नाही येत’ म्हणणार. तो बराच वेळ बघत बसला. मग बोटाने बैलाची मान एका बाजूला वळवली, तोंड जरा उघडं केलं आणि माझ्याकडे घेऊन आला. “मॅडम, हा रवंथ करून राह्यला.”

झूल रंगवायला हळद आणि सोडा वापरला, शिंगांना सागाच्या पानाचा लाल. बाकीच्या बैलांची मिरवणूक निघाली, त्याचा एका पाटावर बसवून नेला. ओवाळणीत त्याला दहा रुपये जास्त मिळाले म्हणून दोघांशी मारामारीही झाली.

केंद्रप्रमुख परवा येऊन गेले. बैल बघितले, फोटो काढले, नोंदवहीत काय लिहू विचारलं. मी म्हटलं, सोळा उभे, एक बसलेला, दोन फुटले. त्यांनी ‘कलेतून गणित’ लिहिलं.

हळदीच्या बोटा, सागाच्या पानाचं आधी नीट सांगायचं होतं हो. सात आया शाळेत आल्या होत्या, पांढरे शर्ट घेऊन. तो लाल डाग जातो कशाने?

हळदीचं बोट (२४ ऑगस्ट, रात्री ८:५५)

जात नाही. माझ्या चौथीतल्या फ्रॉकवर होता, आता त्या फ्रॉकची पायपुसणी झालीय, तिच्यावरही आहे.

लिंबू चोळून बघा म्हणा आयांना. तेवढाच वेळ मिळतो.